कुंकू नसलेली पट्टी

अण्णा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी भांडायची वेळ आली नव्हती, ती आता आली आहे. परवा मी एक जुनं विमान विकत घ्यायला गेले होते. चार माणसं बसतील एवढं, एका इंजिनाचं. शेपटीवरचा नंबर मला लहानपणापासून तोंडपाठ आहे. तेच ते, तुम्ही जिथं विमानं दुरुस्त करायचात त्या मालकाच्या शेडमधलं, ज्यात बसून मी पहिल्यांदा वर गेले. मी आणि माझ्याबरोबर विमान चालवायला शिकवणारी मैत्रीण, आम्ही दोघींनी मिळून शिकाऊ पोरींसाठी एक विमान घ्यायचं ठरवलं होतं. हे विकायला निघालंय असं कळल्यावर मला दुसरं काही बघायचंच नव्हतं.

तुमचेच धडे मी पोरींना देते बरं का. जुनं विमान घ्यायला गेलात तर ताज्या रंगाला भुलू नका, कुणीतरी काहीतरी झाकलंय असंच समजा. इंजिनाचा आवाज नंतर ऐका, आधी पंखाचं पोट उघडून आत बघा. हे रोज शिकवणारी मी, स्वतःची वेळ आली तेव्हा मैत्रिणीला म्हणाले, माझ्या वडिलांचा हात लागलेलं विमान आहे, त्यात काय उघडून बघायचं? ती तुमची मुलगी नाही म्हणून शहाणी. तिनं तपासायला माणूस आणला आणि पंखाखालचं झाकण काढायला लावलं.

बॅटरी घेऊन मी आत डोकावले, तर आधी तुमचं कुंकू दिसलं. खंडेनवमीला सगळेच हत्यारांची पूजा करतात, तुमची रीत मात्र बारमाही होती. दुरुस्ती मनासारखी झाली की करंगळीनं कुंकवाचा एक ठिपका लावायचा, झाकणाच्या आत, कुणाला दिसणार नाही तिथं. जिथं कुंकू तिथं माझी जबान, असं म्हणायचात. आतल्या तारेच्या कप्पीजवळ तो ठिपका होता, काळपट पडलेला, आणि मला रडू आलं. मग बॅटरीचा झोत जरा पुढं सरकला. पंखाच्या कण्यावर, ज्याच्यावर सगळा पंख तोललेला असतो त्या आडव्या तुळईवर, एक पट्टी मारलेली होती. कोपरे तुमच्यासारखे घासून घासून नखागत गोल केलेले. पट्टीच्या कडेखालून केसाएवढा तडा बाहेर डोकावत होता. कणा तडकला तर पट्टी चालत नाही, सगळा कणा बदलावा लागतो, नाहीतर एखाद्या दिवशी वाऱ्याच्या दणक्यात पंखच दुमडतो, हे मला तुम्हीच शिकवलंत. त्या पट्टीवर कुंकू नव्हतं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

तो दिवस मी कितीदा तरी सांगितलाय लोकांना. मी सहावीत आहे. गुलमंडीतून आणलेला नवा फ्रॉक घालून तुमच्या सायकलवर पुढं बसून शेडवर येते. विमानाला ताज्या रंगाचा वास येतोय. मालक उभा आहे, त्याच्याशेजारी गॉगल लावलेला एक पाहुणा. तुम्ही माझा पट्टा स्वतः आवळता, ओढून बघता, पुन्हा ओढून बघता आणि म्हणता, "बस माय, काय होत नाय." तुम्ही पण चला म्हटलं तर वर गेलं की कान दुखतात म्हणता. मग खाली हर्सूलचा तलाव येतो, दौलताबादचा किल्ला येतो, आणि आपल्या गावावरून जाताना आजोबांची मेंढरं दिसतात का म्हणून मी काचेला नाक लावते. उतरल्यावर पाहुणा हसतो, मालकाशी हात मिळवतो. मला वाटलं होतं माझंच कौतुक चाललंय. पुढच्या आठवड्यात पाहुणा विमान विकत घेऊन गेला.

आजोबांची गोष्टही तुम्हीच सांगितलेली. नदीला पाणी असलं की कळप पुढं जात नाही. मग आजोबा हातानं भाकर चारून वाढवलेलं लाडकं मेंढरू आधी पाण्यात घालायचे, की बाकीची निमूट मागं. ते वाहून गेलं तर, असं मी विचारलं होतं. तुम्ही विडी पेटवलीत आणि विषय बदललात.

काल आईला विचारलं. ती शेंगा फोडत बसली होती, हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "पावण्याला भरोसा पटंना. मालक म्हणला, तुझ्याच लेकराला बसव, नायतर उद्यापासून येऊ नको. तू वर व्हतीस तवर ह्यांनी मान वर केली नाय. दोन दिस जेवले बी नाय." ती तुमची बाजू मांडत होती. मला ते ऐकवेना. उपास करून काय उपयोग होता अण्णा, पंखाला त्याचं काय? पोटावर पाय येणार होता हे समजतं मला. पण मालकाला नाही म्हणता आलं नाही, देवाशी खोटं बोलायची छाती झाली नाही, म्हणून कुंकू तेवढं राखून ठेवलंत. पोरगी नाही राखलीत. तुमच्या विश्वासावर मी माझ्या विद्यार्थिनींनाही त्यात बसवणार होते.

आम्ही ते विमान घेतलं नाही. तपासणाऱ्यानं ते उडवायला मनाई केली आहे. हे असलं काम केलं कुणी, असं त्यानं विचारलं तेव्हा मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं. माझ्या वडिलांनी, असं मीच सांगितलं.

हे कुठं पाठवणार? घडी घालून तुमच्या पान्यांच्या पेटीत ठेवते. एक मात्र कबूल करते. त्या दिवसाचा राग राग करून पाहिला, तो दिवस काही नासत नाही. आज सकाळी एका नव्या पोरीनं विचारलं, मॅडम, तुम्ही पहिल्यांदा कधी उडालात? मी तोच दिवस सांगितला, फ्रॉकसकट, आणि सांगताना हसत होते.