टाके माझे, काटे पोराचे

चिरंजीव धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं आणि पाठोपाठ तेच पत्र पुन्हा पोचलं. पहिलं टाकल्याचं विसरून दुसरं टाकलंस, पण मजकूर शब्दाला शब्द तोच. म्हणजे बाकी काही आठवो न आठवो, बहिणीला रागवायचं तेवढं तुझ्या लक्षात राहतं. गुडघा कसा आहे? कवळी सापडली का? नसेल तर आधी तोंडात बघ. इकडे सगळे खुशाल. माझी नजर अजून सुईत दोरा ओवते. सांगणारी मी, लिहिणारी सून. (तिचं अक्षर सुरेख आहे असं ती म्हणते. मला सगळी अक्षरं सारखीच.)

तू लिहितोस, ज्या विमानाला स्वतःचा ताप कळत नाही त्यात ताईने पाऊल ठेवायचं नाही. ठेवणार. हे आधी लिही म्हटलं सुनेला, मग बाकीचं.

आता त्या तापाची हकीकत ऐक, म्हणजे अर्धवट ऐकून मला उपदेश करणार नाहीस. तुझा भाचा गाड्या रंगवतो हे तुला ठाऊक आहे. सध्या गिऱ्हाइकांच्या गाड्या उन्हात आणि गॅरेजमध्ये त्याने स्वतः बांधलेलं दोन माणसांचं विमान, अशी व्यवस्था आहे. विमानाच्या पंखाला कापड असतं आणि ते आतल्या फासळ्यांना टाके घालून बांधावं लागतं. ते सगळे टाके माझे. पुढच्या खोलीत पंख उभा करायचा, अलीकडून मी सुई घालायची, पलीकडून सुनेने ती परत पाठवायची. (मध्ये पंख असला की आमचं चांगलं जमतं. हे लिहिताना ती हसली, म्हणजे खरं आहे.) सांगायचा मुद्दा, मी त्या विमानाची पाहुणी नव्हे.

तर विमान उभं राहिलं, इंजिन गुरगुरलं आणि तपासनीस आले. भला माणूस, पण चेहरा असा की कुणाचंही विमान त्याला नापास वाटावं. त्यांनी पुढचा मोठा दिवा लावला मात्र, समोरच्या मीटरांचे सगळे काटे एकदम उठून बसले. तेलाचा दाब वाढला, इंजिनाला ताप भरला, पेट्रोलची निम्मी टाकी आपोआप भरली. दिवा बंद केला, काटे जागेवर. तपासनीस म्हणाले, "हे दुरुस्त झाल्याशिवाय मी सही करणार नाही." नेमकं हेच पोराने तुला कळवलं आणि तू दोन पत्रं खर्ची घातलीस.

मग सुरू झाली शोधाशोध. पोराचं म्हणणं, ताप मोजणारा सेन्सर बिघडला. तो काढून त्याने माझ्या चहाच्या पातेल्यात उकळला. शेजारी बॅटरी, बॅटरीला मीटर, मीटरला वायरी, आणि मी आपली कप धरून उभी. पाणी उकळलं तसा काटा बरोब्बर उकळत्या पाण्याच्या आकड्यावर. पुन्हा विमानात बसवला, पुन्हा खोटं बोलायला लागला. मग नवा सेन्सर आणला, तोही खोटारडा निघाला. मग मीटरच बदलला. नवा मीटर जुन्याची री ओढायला लागला. (चहाला अजून ग्रीसचा वास येतो. पोर म्हणतं, भास आहे. मी म्हटलं, मग तू पी. नाही प्यायला.)

मी म्हटलं, "अरे, तुम्ही सगळी भावंडं लहानपणी एकाच वेळी एकच थाप मारायचात, तेव्हा मी एकेकाला बदडत बसले नाही. पढवणारा कोण ते शोधलं." आणि पढवणारा तो दिवा, तो काढून टाका, असा निकाल देऊन मी मोकळी झाले. निकाल चुकला, पण चौकशी बरोबर होती. सुनेचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. ती खाली वाकली, काट्यांच्या आणि दिव्याच्या वायरी जिथे एकाच बोल्टने विमानाच्या सांगाड्याला जोडल्या होत्या तिथे तिने बोट ठेवलं आणि नवऱ्याला विचारलं, "इथेही रंग दिलात?"

दिला होता ना! जन्माचा रंगारी तो, उघडं लोखंड बघवतच नाही त्याला. बोल्टच्या खाली, जिथे कुणाचा बापही बघणार नाही, तिथे त्याने अस्तर मारून, घासून, वर दोन हात दिले होते. रंगातून वीज नीट परतायची कशी? दिवा लागला की त्याचा सगळा भार त्या अडलेल्या वाटेवर यायचा आणि बिचारे काटे भरकटायचे. सुनेने कानस मागितली. पोर म्हणालं, "हळू, चकाकी जाईल." तिने जे बघितलं त्याच्याकडे, ते लिहायला ती तयार नाही. रंग खरवडला, बोल्ट आवळला, दिवा लावला. एक काटा हलेल तर शपथ! तपासनीसांनी स्वतः दिव्याचं बटण खालीवर करून पाहिलं आणि सही केली. त्यानंतर पोर नियमाप्रमाणे एकटंच उडून आलं, एकदा नव्हे, पुष्कळदा. माझा एक टाका उसवला नाही.

तेव्हा आता तुझं काय म्हणणं आहे? माझं वय? वय माझं आहे, मी ते कुठेही घेऊन बसेन. लोक काय म्हणतील? मी वर असेन, मला ऐकू येणार नाही. मला कुणाच्या परवानगीची गरज नाही. तुझ्या तर नाहीच नाही.

सही म्हणून अंगठा उठवला आहे.

तुझी ताई

ता. क. तुझा भाचा म्हणतो, मामाने एकदा नको म्हटलंय, मामाचा होकार आल्याशिवाय आईला बसवणार नाही. मी रागावले, अबोला धरला, जेवले नाही (रात्री थोडं जेवले), पण बधत नाही मेला. म्हणून पत्र. 'ताईला ने' एवढंच लिही आणि आठवणीने टाक. यावेळी दोनदा टाकलंस तरी चालेल.

आणखी ता. क. मला भीती वाटत नाही. सुनेने हे न विचारता लिहिलं, 'रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन टाके चाचपतात.' वाचून दाखवताना तिची जीभ अडखळली म्हणून कळलं. खोडू नको म्हटलं, लिहिलंस तर राहू दे.

शेवटचं. वर गेल्यावर पोट ढवळतं म्हणे. माझं नाही ढवळायचं, तरी साखरेत घोळवलेलं आलं पाठव, सुकं, बारीक तुकड्यांचं. दोन पुड्या कर, एक माझी, एक पोराची. आणि तिसरी पुडी तुझ्याकडेच ठेव. आम्ही उतरल्याचं कळेपर्यंत खरं पोट तुझंच ढवळणार आहे.