चरबीचं निवेदन

६ जानेवारी, वेराक्रूझ
तीन राजांचा सण. गोल गोड पाव कापला. दुसऱ्या तुकड्यात लपवलेला बाहुला मलाच सापडला, म्हणजे दोन फेब्रुवारीला सगळ्यांना मक्याच्या पिठाचे तमाल खाऊ घालायचे मीच. घालीन. गोदी कामगारांचा माजी पुढारी प्रथेला पाठ दाखवत नाही. बायको एउलालिया म्हणाली, म्हाताऱ्या, निम्मा पाव तूच खाल्लास, बाहुला जाईल कुठे?

८ जानेवारी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पायाचं बोट काळवंडतंय. साखर आणि पोट उतरलं नाही तर कापू. चरबी म्हणे नुसतं गोदाम नाही, हार्मोन बनवते. लेप्टिन मेंदूला कळवतं, भरलं, थांब. चरबी फार वाढली की निरोपांचा भडिमार होतो आणि मेंदू बहिरा होतो. साखर जिरवणारं, म्हातारपण सावरणारं दुसरं हार्मोन मात्र आटतं.
म्हणजे चरबी कामगार, मेंदू मालक! निवेदनं पोचतात, मालक ऐकत नाही. असले मालक मी आयुष्यभर नमवले. उद्यापासून संप. पाव, तळण, शीतपेय बंद.

९ जानेवारी
सकाळी संप शंभर टक्के यशस्वी.
दुपारी वाटाघाटी. तळलेली केळी. केळं शेवटी फळच.

१७ जानेवारी
चालायला निघालो. धक्क्यावर बसून गोदीतल्या जुन्या सोबत्याला, फुल्हेन्सियोला, चालण्याचं महत्त्व तासभर पटवलं. तो म्हणाला, दोस्ता, भाषणाने पोट उतरत असतं तर तू आज काडी असतास. अडाणी.
बोट आता दुखत नाही. टोचलं तरी कळत नाही. सुधारणा!

२५ जानेवारी
एउलालियाला दोन फेब्रुवारीच्या कांदेलारियाच्या सणाला चौकात माझ्याबरोबर दान्सोन नाचायचंय, पूर्वीसारखं. म्हणाली, आधी बूट घालून दाखव. बूट आकसलाय. समुद्राची दमट हवा.

१ फेब्रुवारी
तमालच्या पिठात डुकराची चरबी फेटली. यजमानाने चव बघायलाच हवी. केळीच्या पानात बांधण्याआधी बघितली, वाफवल्यावरही बघितली. एउलालिया पुरे म्हणाली. पुन्हा म्हणाली. दिवसभर तेच म्हणते, कानावर पडेनासं झालंय.

२ फेब्रुवारी
तमाल उत्कृष्ट. नाच पुढच्या रविवारी. ताप आहे थोडा.

८ फेब्रुवारी, दवाखाना
रविवार. बोट गेलं. डॉक्टरीणबाई आता शेजारच्या बोटाकडे बघतात. घरी गेल्यावर खरा संप.
खिडकीतून चौकातलं दान्सोन ऐकू येतं. एउलालिया नाचाचे बूट घालून आली. खुर्चीत बसून टाचेने ताल धरला, मग थांबवला. मी तिच्या डब्यातला उरलेला तमाल मागितला. तिने सोलून दिला. दुसरा मागितला. तोही दिला.
पुरे म्हणाली नाही.