मिटलेले डोळे

दादा,

तुझ्या प्रदर्शनाची बातमी वाचली. तुझी माणसं डोळे मिटून बसलेली असतात, त्यात म्हणे फार खोल अर्थ आहे. मला आधी हसू आलं, मग पोटात दुखलं.

वीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतेय. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. खोटे डोळे रंगवणाऱ्या त्यांच्या कारागिराचा हात आता थरथरतो. "पावत्यांच्या कोपऱ्यात तुम्ही डोळे काढता, ते मी पाहिलेत," ते म्हणाले. "एक रंगवून बघा."

एका शिक्षिकेसाठी होता. तिला समोर बसवून तीन दुपारी मी बुबुळ रंगवलं, शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू चिकटवले. तिने तो बसवला तेव्हा म्हातारे कारागीर मुद्दाम बघायला आले. बराच वेळ निरखून त्यांनी मलाच विचारलं, "यातला तुमचा कुठला?"

तुझ्या चित्रांपुढे गर्दी थांबते. माझं चित्र कोणाला दिसलं नाही, हेच त्याचं यश. तरी मेला जीव जळतोच. म्हणून हे पत्र टाकणार नाही; तू नुसतं "छान" म्हणशील.

कलाशाळेच्या प्रवेशासाठी तू बाबांचं चित्र काढलंस. डोळे तुला जमेनात, ते मी काढून दिले. बाबा म्हणाले, "पोराने डोळ्यांत जीव ओतलाय. यालाच शिकवू." आपण दोघंही गप्प बसलो.

त्यानंतर तुझ्या एकाही माणसाने डोळे उघडलेले नाहीत.

तुझी धाकटी