एकोणीस जूनचा झगा

लिहून ठेवणार ओझेला रेनी टॉलिव्हर, वय चौऱ्याहत्तर, शाळेच्या बसची निवृत्त चालक, राहणार गॅल्व्हेस्टन, टेक्सास. गुडघे सोडले तर माझे सगळे शाबूत आहे, डोके तर फारच. हे लिहिताना कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारे पुढच्या कलमांत येतीलच. माझ्या मागे खालीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर माझी मुलगी व्हॅल्डीन हिला. मागचा जिना दुरुस्त करून घ्यावा, आणि समोरच्या खोलीतला माझा झग्यातला मोठा फोटो उतरवावा. तो उत्सव समितीने येऊन ठोकला होता. मला कोणी विचारले नव्हते.

२. बँकेतली शिल्लक नात कॅमरिन हिच्या शिक्षणाला. त्यातूनच तिला नवा ट्रंपेट घ्यावा. सध्याचा शाळेचा आहे आणि त्याची एक कळ अडकते.

३. लाल सरबताचे मोठे पातेले चर्चच्या स्वयंपाकघराला. कृती मागू नये. जिवंतपणी दिली नाही, आता कुठून देऊ?

४. आता झगा. आम्हा काळ्या लोकांची गुलामी संपल्याचा हुकूम आमच्या शहरात १८६५ साली एकोणीस जूनला वाचला गेला. त्याच्या आठवणीत दरवर्षी मिरवणूक निघते आणि शेवटी नाटक होते. गोणपाटाचा झगा घालून, हातात साखळी अडकवून एक बाई उभी राहते. हुकूम वाचतात, साखळी सुटते, लोक रडतात आणि मग जेवायला जातात. ती बाई मी. माझ्या आधी माझी आई. कारण त्या दिवशी बंदरावर आमची खापरपणजी होती, आणि समितीचे अध्यक्ष ल्यूशियस वॉर्डलो यांच्या मते हे काम आमच्या रक्तातच आहे.

मी नाही म्हणून पाहिले. "ओझेलाताई, तुझ्यासारखं रडायला दुसऱ्या कोणाला जमतंय?" असे म्हणून त्यांनी सगळ्या चर्चसमोर मला मिठी मारली. मिठीत असताना नाही कसे म्हणायचे, ते मला आजवर जमलेले नाही. एकदा दुकानाच्या रांगेत एक पोर ओरडले, "आई, ती बघ, गुलाम बाई!" आईने त्याला दटावले आणि माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. या शहराची निम्मी मुले मी बसने घरी पोहोचवली, पण बसवाली म्हणून मला कोणी ओळखत नाही. मला पिवळी टोपी घालून मिरवणुकीत उघड्या गाडीत बसायचे होते. आमच्या आनंदाचा दिवस आहे तो. मी मात्र त्याचा धसका घेतला आहे, आणि हे मी कोणाला सांगू शकले नाही.

५. साखळी ल्यूशियस वॉर्डलो यांना परत. त्यांच्याच होडीची आहे. होडी बांधावी.

६. मी आहे तोवर उभी राहीन. उद्याही राहणार आहे. मी हटले की कॅमरिनला उभे करतील. तिचे माप घेऊनही झाले आहे. ती मिरवणुकीत शाळेच्या बँडबरोबर वाजवत चालते, वर्षभर त्याचीच वाट पाहते. व्हॅल्डीन म्हणते, "आई, एका सकाळचा तर प्रश्न आहे." माझी आईही मला हेच म्हणाली होती. आणि पोरगी म्हणाली, "आजी, मी करते ना. तू दमलीस." ते ऐकून मी हे लिहायला बसले. समितीला झगा काचेच्या पेटीत ठेवायचा आहे. देऊ नये. माझ्याबरोबर जमिनीत पुरावा, पण अंगावर घालू नये, पायाशी ठेवावा. नवा शिवायला गोणपाटाचा तोटा नाही, हे मला कळते. म्हणून पुढचे कलम.

७. माझ्या खापरपणजीचे नाव जुन्या कागदांत एकाच जागी सापडते, तिच्या मालकाच्या मृत्युपत्रात. एक खेचर, एक तांब्याचे पातेले आणि ती, "व तिला पुढे होतील ती मुले", हे सारे त्याने आपल्या लेकीला दिले. तेव्हा गुलामी आईकडून मुलांकडे जात असे. आमच्या घरात ती अजून जाते आहे, टाळ्यांच्या गजरात. हे मृत्युपत्र मात्र माझे आहे. त्यात मी लिहिते की, कॅमरिन मी कोणालाही देत नाही. समितीला नाही, चर्चला नाही, तिच्या आईला नाही आणि माझ्या आठवणीलाही नाही.

सही: ओझेला रेनी टॉलिव्हर

आमच्यासमोर सही केली, तेव्हा हात थरथरत नव्हता:
बर्निस ओ. क्रेटन, बस आगारातील जुनी सहकारी
हॉलिस मॅकएलरॉय, शेजारी

गॅल्व्हेस्टन, १८ जून २०१९