सुरई आत, पेला बाहेर

जळगाव, ४ नोव्हेंबर १९३७

"हा पेला आपल्याला नाही गं." आईचं वाक्य. मी पाच-सहा वर्षांची असेन. धुळ्याच्या घरी ओसरीवरच्या कोनाड्यात एक लाल काचेचा पेला असे. तो मी उन्हात धरला होता आणि हात कोपरापर्यंत लाल दिसत होता. आईने हिसकावला नाही. खाली ठेव म्हणाली आणि मला न्हाणीत नेऊन डोक्यावरून पाणी घातलं. हात लावला तर आंघोळ, म्हणजे केवढी मोलाची वस्तू, अशी माझी समजूत!

आज सुरई धुताना हे आठवलं. बाबा गेल्यावर धुळ्याच्या दिवाणखान्यातली ही लाल सुरई भाऊंनी मला दिली. तांदूळ आणि लिंबाचा रस घालून हलवली, पोटातला डाग गेला. लाली फक्त वरच्या थराची. थर कोरून द्राक्षाचा वेल काढलाय, तिथे आतली पांढरी, पारदर्शक काच दिसते. पण वेल मानेपाशी एकदम तुटतो. पान अर्धंच. म्हणजे वर झाकण होतं. किती वर्षं शोधते आहे. मिळवणार.

६ नोव्हेंबर

जुना बाजार. तीन झाकणं बसवून पाहिली. एक बरोबर लाल, पण काठ उजेडात धरला तर आरपार लाल. आपल्या सुरईच्या काठाला लालीखाली पांढरी रेघ आहे. परत केलं. दुकानदार वैतागला, "बाई, दुसऱ्याच्या डोक्याची टोपी हिला बसायची कशी?"

हिरवी अत्तरदाणी मात्र आणली. ह्यांनी पाहिली. "कपाटात बाटल्या, पलंगाखाली बाटल्या. अशील विचारतात, वकीलसाहेब, रोज घेता का?"

मी हसले. पण अत्तरदाणी कपाटात मागे सारली.

९ नोव्हेंबर

सापडलं! झाकण नव्हतंच कधी.

दुपारी उशाशी तांब्या भरून ठेवला, नेहमीसारखं त्यावर भांडं उपडं घातलं आणि हात तिथेच थांबला. सुरईवरही भांडंच असणार. उपडं. कोनाड्यातल्या त्या लाल पेल्यावर वेल होता, द्राक्षांचा, आणि तो उलटा होता. घड वर, देठ खाली. लहानपणी वाटे, कोरणारा चुकला. चुकला नव्हता. पेला सुरईवर उपडा बसला की वेल सरळ होतो.

बाबांना एका साहेबाने बदलीच्या वेळी दिलेली जोडी. काचेच्या भांड्यातलं पाणी आमच्याकडे कोण पिणार? म्हणून सुरई शोभेला दिवाणखान्यात गेली. आणि पेला ओसरीवर,

कुणासाठी, ते आत्ता लिहिताना कळतंय.

१४ नोव्हेंबर, धुळे

भाऊंना विचारलं. "तो होय? भागाचा पेला." भागा सुईण. आम्ही दोघं तिच्याच हातावर जन्मलो. तिच्या जातीला घरातलं पितळेचं भांडं देत नसत. बाळंतपण उरकलं की ओसरीखाली बसायची, कोनाड्यातला पेला स्वतः काढून पुढे धरायची आणि आई वरून पाणी ओतायची. पेला विसळून परत ठेवायचा तोही तिनेच.

"आई आजारी पडली तेव्हा तिने देऊन टाकला तिला. तसाही तिचाच होता."

"आणि सुरई दिली नाही?"

"सुरई कशाला देईल? ती आतली."

एका घरात एवढी वर्षं, मधे एक भिंत. जोडी आहे हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. बाबांच्याही.

भागा गेली. लेक काशी दोंडाईच्याला असते, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये. भाऊ म्हणाले, "यमू, तू तिथे जाणार? पेल्यासाठी?"

जाणार.

२१ नोव्हेंबर, दोंडाईचा

पाहिला. तोच. काठाला पांढरी रेघ, वेल उलटा. सुरईच्या मानेचं माप दोऱ्याने नेलं होतं, जुळलं.

काशी माझ्याहून थोडी लहान, हसरी. मी भागाची आठवण सांगितली तसे तिचे डोळे भरले. मग विकत मागितला. मोठ्याने हसली. "लाल रंग आवडस ते लुगडं ल्या ना, अक्का! हाऊ पेला इकाना नही. मनी माय यामाच पानी पिये."

उन्हातून आले होते, घसा कोरडा. पेला हातातच होता. म्हटलं, थोडं पाणी घाल. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. हिसकावला नाही, माझ्या आईसारखंच.

"हाऊ पेला तुम्हनाकरता नही शे, अक्का."

वरच्या आळीतल्या शाळामास्तरांच्या घरी तिने आपल्या पोरीला पिटाळलं. तिथून पितळेचा तांब्या आला, तोही मास्तरीणबाईंच्या हातून. मी प्याले. काय करणार होते? काशी समोर बसून लाल पेल्यातून प्याली.

मला विटाळ होऊ नये म्हणून नाही म्हणाली, की आईची वस्तू म्हणून? विचारायचं धैर्य झालं नाही.

२३ नोव्हेंबर, जळगाव

आमच्याही ओसरीवर कोनाडा आहे. त्यात कान तुटलेला कप. आज आत आणला, घासला, इतर कपांत ठेवला. ओळखू येतो मेला, कानामुळे. सासूबाई म्हणाल्या, "मग आता त्या लोकांना चहा कशात देणार?"

"आपण पितो त्यात."

जेवल्या नाहीत. मीही कप हलवला नाही.

२९ नोव्हेंबर

सुरई पुन्हा कपाटात ठेवायला गेले, ठेववेना. रिकाम्या मानेवर आजवर इतकी झाकणं बसवून पाहिली. पेला इकडे आणायचा एवढंच डोक्यात होतं. सुरई तिकडे जाऊ शकते, हे मनात यायला आठ दिवस लागले.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. "इतकी वर्षं शोधलीस ती देऊन टाकायला?" मग म्हणाले, "जुन्या धोतरात गुंडाळ. लुगडं सरकतं."

२ डिसेंबर

सकाळच्या गाडीने निघते. सुरई धोतरात, वरून टोपलीत कापूस.

मनाशी ठरवलंय ते असं. सुरई आधी काढायची नाही, नाहीतर मोबदला वाटेल. टोपली दाराबाहेर ठेवायची, आत जाऊन खाली बसायचं, मास्तरांकडे पोरीला जाऊ द्यायचं नाही. ती नाही म्हणेल. तिच्या आईने तेच शिकवलं, माझ्या आईनेही तेच. वाईट वाटून घ्यायचं नाही. पण मागायचं मात्र स्पष्ट, तिच्या तोंडाकडे बघून:

काशी, तहान लागली आहे. तुझ्या आईच्या पेल्यातून मला पाणी दे.