निरगुडीचे फोक

जेऊर. गुरुवार, फेब्रुवारी १९७४

सकाळी ओढ्यावरून निरगुडीचे फोक तोडून आणले. अंगावरून वारं जाऊन माझ्या वडिलांचा, दादांचा, उजवा हात आणि बोलणं गेलं, त्यानंतर त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं, तेही खुणेनं. त्यांना फोकांची पाटी विणायची होती. सगळा जन्म त्यांनी तेच केलं.

अंगणात बसून दादा डाव्या हातानं फोक वाकवायला गेले. फोक सुटून त्यांच्याच तोंडावर आला. मी म्हटलं, "दादा, तुम्ही नुसतं बघा, मी विणते."

मनानंच बूड विणलं. त्यांनी ते डाव्या हातानं उलगडलं. पुन्हा विणलं, पुन्हा तोच डावा हात. तिसऱ्यांदा मी चिडले. "काय चुकतंय ते सांगा की." त्यांना बोलता येत नाही हे माहीत असून. असं कसं निघालं माझ्या तोंडून? त्यांनी मान फिरवली.

चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "तुला विणायला शिकू दिलं न्हाय ते म्याच. तू शिकायला लागलीस की म्या म्हणायची, शाळंत जा. आता काय करायचं?"

मास्तरीण झाले ती तिच्यामुळंच.

दिवस मावळताना दादा भिंतीला धरून उठले. सगळे फोक गोळा करून त्यांनी चुलीत सारले. ओले होते, पेटेनात. घरभर धूर झाला, तिघांचेही डोळे वाहत होते. बाहेर जायला कुणीच उठलं नाही.