आंबेशेतच्या सामाईक विहिरीबाबत

मी, हिरामण लडकू घारे, वय ६३, पूर्वी रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा मदतनीस, आता शेती, राहणार मौजे आंबेशेत, तालुका खालापूर, जिल्हा रायगड, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाची जबरदस्ती नाही. घाई आहे ती हृदयाची. पनवेलच्या डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली आहे.

१. राहते घर व गोठा मुलगा हरी याला. शिळफाट्यावरचे टायरचे दुकान सोडून तो इथे राहील असे वाटत नाही, तरी पावसाआधी घर शाकारून घ्यावे. खाली उभे राहून वर बघितल्याने गळती थांबत नाही, हे त्याला अजून कळलेले नाही.

२. विहिरीलगतचे राबाचे, म्हणजे जमीन भाजून भाताची रोपे करायचे सात गुंठे मात्र हरीला नाहीत. त्याला ते मुंबईच्या गिऱ्हाइकाला बंगल्यासाठी विकायचे आहेत. "अप्पा, तो त्याची बोअर मारील, आपल्याला काय?" असे तो म्हणाला. बोअरलाही तेच पाणी लागेल. हे सात गुंठे मुलगी उमा हिला. ती भिसेगावला नांदते, शाळेत विज्ञान शिकवते. तिने जमीन विकू नये, तिथे खायचे काही पिकवू नये, विहिरीचे पाणी कोणाला देऊ नये. ही देणगी नव्हे, बापाने लेकीच्या गळ्यात बांधलेले लोढणे आहे. उमा, मला माफ कर.

३. याचे कारण आजवर कोणाला सांगितलेले नाही. सन १९६८ मध्ये कारखान्यातला हिरवट, चुन्यासारखा गाळ फुकट मिळत होता. आणण्यापूर्वी मी तो स्वतः तपासला. तपासणीच्या औषधाचे दोन थेंब टाकले की विषारी क्रोमचे पाणी जांभळे होते. ते झाले नाही. मी गाडी भरून गाळ आणला. शेण, पालापाचोळा, वर हा गाळ, असा राब रचून भाजला. माझा आणि शेजारच्या येसूबाईचाही. तिचा नवरा नामा माझा दोस्त, त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

प्रयोगशाळेत कोणी राब भाजत नाही. चुना आणि आच मिळून त्याच गरीब गाळाचे विष झाले. राख पिवळी पडली, आम्ही कौतुकाने पसरली. चार पावसाळ्यांत आमची दोघांची सामाईक विहीर पिवळी झाली, आणि सारे गाव तिचेच पाणी पीत होते. मी थेंब टाकले. पाणी जांभळे झाले.

गाव म्हणाले, कारखान्याने सांडपाणी सोडले. मोर्चा निघाला, मी पुढे होतो. कारखान्याने रोजचा टँकर सुरू केला. खरे बोलावे तर टँकर बंद होऊन गाव तहानेने मरेल. गप्प बसावे तर येसूबाई दर आवणीला, भाताच्या लावणीला, त्याच चिखलात उतरते. तिच्या बोटांना भोके पडतात, अंगठ्याची साल निघते, ती हळद भरते. एकदा मी म्हणालो, पाण्यात हात घालू नका. ती हसली, "मंग आवनी कोन करील, तुमच्या हापिसातला सायब?" मी कारण सांगितले नाही. चौदा वर्षे मी या विहिरीच्या काठावर अडकून पडलो आहे. मला लाज वाटते.

४. अकरा वह्या, काचेची भांडी आणि औषधाच्या बाटल्या उमाला. कोंड्याचा कोळसा मी घालून पाहिला, फुकट गेला. वाळा लावला, तो कमरेएवढा वाढला, पाणी तसेच. शेवटी खोपोलीच्या लेथवरचा लोखंडी कीस, शेण आणि काकवी यांचा काला करून एका गुंठ्याच्या मातीत मुरवला. त्या गुंठ्यातल्या खड्ड्याचे पाणी तीन पावसाळे जांभळे झालेले नाही. आयुष्यात एवढे एकच गणित बरोबर आले. पण वर्षाला एक गुंठा होतो. माझे तीन झाले, चार उरले. येसूबाईचे पाच तर सुरूही झाले नाहीत, कारण तिच्या शेतात कीस टाकायचा तर तिला का ते सांगावे लागेल.

५. येसूबाई या मृत्युपत्राची साक्षीदार आहे, म्हणून तिला या कागदाने काहीही मिळत नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही, असे कर्जतचे वकील म्हणाले. साक्षीदाराला मजकूर माहीत असलाच पाहिजे असे नाही, हेही ते म्हणाले. मी मात्र तिला सगळा वाचून दाखवणार आहे. नुसत्या तोंडाने जे जमले नाही ते कागद समोर धरून जमेल.

सही: हिरामण लडकू घारे
ठिकाण: आंबेशेत. ता. ९ नोव्हेंबर १९८६

साक्षीदार: १. येसूबाई नामा भोईर, आंबेशेत (अंगठा)
२. पोशा हिरू ठोंबरे, वकिलांचे कारकून, कर्जत (सही)

ताजा कलम: वरील मजकूर येसूबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "माजा नामा तुमच्या शब्दावर इसवास ठेवून गेला, भावजी." मी हो म्हटले. ती म्हणाली, "टँकरचं मी कुनाला बोलनार नाय. तुमी उद्या कीस घेऊन माज्या शेतात या. माजं पाचीच्या पाची गुंठं झाल्याबिगर मरायचं नाय तुमी." कारकुनाने तिचा अंगठा तीन वेळा उठवून घेतला. तिन्ही वेळा नुसता शाईचा डाग पडला, रेषा उमटल्या नाहीत. कारण कलम ३ मध्ये दिले आहे.

हि. ल. घारे